कार्बोरेटर साफ केला, तरी रेस सोडली की गाडी बंद

अण्णांची स्प्लेंडर प्लस, २००६ ची. किक मारली की एका दमात चालू होते, चोक लावलेला असेपर्यंत नीट चालते, चोक काढून रेस सोडली की दोन-चार सेकंद फुतफुतते आणि बंद. रस्त्याला लागली की मात्र काही खोट नाही. चौथ्या गिअरला साठच्या वेगात धावते, चढाला दमत नाही. पण गतिरोधक आला, म्हैस आडवी आली, कराडला कोल्हापूर नाक्यावर गर्दीत थांबावं लागलं, की मेलीच. मग अण्णा सतत रेस देत बसणार. पुढचा ब्रेकही त्याच उजव्या हाताला, त्यामुळे रेस धरू का ब्रेक धरू अशी चौऱ्याहत्तराव्या वर्षी कसरत.

चार महिने हे चाललं. तेवढ्यात कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, तीन वेळा उघडून साफ झाला. पहिल्या दोन वेळी गाडी तीन-चार दिवस सुतासारखी सरळ आणि मग येरे माझ्या मागल्या. तिसऱ्या वेळी मी स्वतः हात घातला, तेव्हा तर पहिल्या मिनिटापासूनच बिघडली.

या दोन तऱ्हांमधला फरक मला उशिरा कळला, म्हणून तो आधी सांगतो. साफसफाईनंतर लगेच गाडी बंद पडायला लागली, तर उघडताना किंवा बसवताना काहीतरी राहिलंय, हरवलंय किंवा वाकलंय. चार दिवस चालून मग पडायला लागली, तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे. कचरा वरून येतोय. आमच्याकडे दोन्ही रोग एकामागोमाग एक झाले आणि मी दोघांना एकच समजत होतो.

(हे सगळं कार्बोरेटरच्या गाड्यांबद्दल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांना बहुतेक फ्युएल इंजेक्शन आहे, त्यांची आयडलची, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन चालू राहण्याची, तक्रार निराळी.)

आयडलचं पेट्रोल वेगळ्या वाटेनं येतं

कार्बोरेटर म्हटलं की सगळ्यांना मेन जेट आठवतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा. पण रेस सोडलेली असते तेव्हा आतला पिस्टन (इंजिनाचा नव्हे, रेसच्या केबलनं वर-खाली होणारा कार्बोरेटरचा) जवळजवळ तळाला टेकलेला असतो, त्याची सुई मेन जेटच्या वरच्या नळीत खोल घुसलेली असते, आणि तिथून पेट्रोल खेचून घ्यावं एवढा हवेचा वेगच तिथं नसतो. अशा वेळी इंजिनाला जे दोन घोट पेट्रोल लागतं ते स्लो जेटमधून येतं. स्लो जेटमधून चढलेलं पेट्रोल हवेच्या एका बारीक वाटेतून आलेल्या हवेत मिसळतं आणि पिस्टनच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर पडतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण मिक्श्चर स्क्रू ठरवतो. पिस्टन किती वर टेकवून ठेवायचा हे आयडलचा स्क्रू ठरवतो, ज्याला आपल्याकडे रेसचा स्क्रू म्हणतात.

स्लो जेटचं भोक किती बारीक असतं? केहिन कंपनीच्या जेटवर ३५, ३८ असे आकडे कोरलेले असतात, ते मिलिमीटरचे शंभरावे भाग. म्हणजे ०.३५ मिलिमीटर. त्यात गंजाचा एक कण अडकला की वाट बंद. मेन जेटचं भोक त्याच्या दुप्पट-तिप्पट, तो कण तिथून सुखरूप निघून जातो. म्हणूनच गाडी पळते झकास आणि थांबली की मरते.

यावरून दोन निष्कर्ष घरबसल्या निघतात. पहिला, चोक लावल्यावर चालते आणि काढल्यावर मरते याचा अर्थ आयडलला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरतेय. दुसरा, सुईची क्लिप एक खाच वर-खाली करून हा रोग जाणार नाही. मला निदान पाच जणांनी क्लिपचा सल्ला दिला. क्लिपचा संबंध अर्ध्या रेसशी आहे, आयडलशी जवळजवळ नाहीच.

उलट प्रकारही असतो. गाडी थंड असताना बरी चालते, तापली की काळा धूर आणि पेट्रोलचा वास देत बंद पडते, प्लग काजळलेला निघतो. तिथं पेट्रोल जास्त होतंय: आत ठराविक पातळीला पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटची सुई गळतेय, फ्लोटची उंची बदललीय, चोक पूर्ण उघडत नाही किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तो रस्ता वेगळा, आज त्यात शिरत नाही.

पहिल्या दोन साफसफाया

पहिल्यांदा आमच्या गावच्या मिस्त्रींनी बाउल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) उघडला, मेन जेट काढून फुंकला, बाउल पेट्रोलनं धुतला आणि रेसचा स्क्रू दोन फेरे आत दिला. गाडी चालू राहिली. अण्णा खूश. मी पुण्याहून शनिवारी आलो तेव्हा पहिला गिअर टाकताना खट्ट असा आवाज आला आणि गाडी पुढं झेपावली. तेव्हाच समजायला हवं होतं. स्प्लेंडरचं आयडल १४०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास, शंभर इकडे-तिकडे; ही त्याच्या कितीतरी वर गुरगुरत होती.

रेसचा स्क्रू आत दिला की पिस्टन वर उचलला जातो. मग आयडलच्या भोकाशेजारची दुसरी बारीक भोकं उघडी पडतात, थोडं पेट्रोल तिथून, थोडं सुईच्या कडेनं यायला लागतं आणि अर्धा बुजलेला स्लो जेटही खपून जातो. ही खरी आयडलिंग नसते. आपण हातानं रेस धरायची ती स्क्रूनं धरलेली असते. चार दिवसांत उरलेला अर्धा जेट बुजला आणि गाडी तिथंही मरायला लागली.

ही लपवाछपवी ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी तापलेली आणि चालू असताना मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवून बघा. आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर एक तर स्लो जेटची वाट बंद आहे किंवा पिस्टन इतका वर आहे की त्या वाटेला कुणी विचारतच नाही. निरोगी कार्बोरेटरमध्ये अर्ध्या फेऱ्याला आवाज नक्की बदलतो.

दुसऱ्यांदा मी मिस्त्रींना म्हटलं, मामा, या वेळी स्लो जेट काढून बघू या. तो मेन जेटच्या शेजारी खोल विहिरीत असतो. अरुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर नेमका खाचेत बसला नाही तर पितळेची खाच झिजते आणि मग जेट कायमचा तिथंच. (काही कार्बोरेटरांमध्ये तो ठोकूनच बसवलेला असतो, निघत नाही, तिथं फक्त कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवा.) निघाला. उजेडाकडे धरला तर आरपार काही दिसेना. मामांनी खिळ्यासारखी जाड तार उचलली, ती मी हातातून काढून घेतली. पोलादी तारेनं भोक मोठं होतं, आणि मग ३५ चा जेट ३८ चा होऊन बसतो. वायरच्या आतली तांब्याची एकच काडी घ्यायची, किंवा टूथब्रशचा केस. टूथब्रशचा केस गेला. आतून तांबूस पूड पडली. त्या तांबूस रंगाकडे तेव्हा दोघांनीही दुर्लक्ष केलं. गाडी तीन दिवस उत्तम चालली.

तिसरी साफसफाई, म्हणजे माझा पराक्रम

तिसऱ्या वेळी मी कार्बोरेटर घरी उतरवला, फवारा आणला, सगळे स्क्रू काढले, सगळी भोकं धुतली, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणली. इतका लखलखीत कार्बोरेटर आमच्या वाडीत कुणी पाहिला नसेल. बसवला, किक मारली. चोकवर चालू, चोक काढला की बंद. रेसचा स्क्रू आत दिला तर आवाज चढतच गेला, खाली यायला तयार नाही, आणि आला की थेट शून्यावर.

आवाज वर लटकून राहतो आणि हळूच उतरून मरतो, हे जास्तीची हवा आत शिरत असल्याचं बोलकं लक्षण. जेट कितीही साफ असले तरी कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये एखादी फट असेल, तर इंजिन फटीतून कोरडी हवा ओढतं आणि प्रमाण बिघडतं. रेस जास्त असताना हवा एवढी जात असते की फटीतली हवा त्यात हरवते. आयडलला तीच भारी पडते.

फट शोधायला मी साबणाचं पाणी वापरलं. गाडी कशीबशी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इन्सुलेटरच्या (मधल्या ठोकळ्याच्या) सांध्यावर, मग इन्सुलेटर आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) सांध्यावर, मग मॅनिफोल्ड हेडला, म्हणजे इंजिनाच्या माथ्याला, बसतो तिथं, अशा क्रमानं ब्रशनं पाणी लावायचं. जिथं फेस आत ओढला जातो आणि आवाज बदलतो, ती जागा. बरेच जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर फवारतात. त्यानं फट लवकर सापडते हे खरं, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेटणारा फवारा मारायला माझा हात धजावला नाही.

पहिल्याच सांध्यावर आवाज बदलला. कार्बोरेटर पुन्हा उतरवला. त्याच्या तोंडावर, म्हणजे दोन बोल्टच्या पट्टीवर, एका गोल खाचेत ओ-रिंग असते. ती इतकी चपटी झाली होती की खाचेतून वर डोकावतच नव्हती. शिवाय त्या पट्टीवर पोलादी पट्टीची कड ठेवून उजेडाकडे धरली, तर मधून उजेड दिसत होता. म्हणजे पट्टी वाकलेली. हे कुणाचं काम? थोडं वर्षानुवर्षांचं, थोडं माझं. घट्ट बसावा म्हणून मी दहाचा पाना हुप्प म्हणून आवळला होता. ॲल्युमिनियमची पट्टी, मध्ये रबर. दोन्ही टोकं आवळली की मधली कमान उचलते आणि जितकं जास्त आवळावं तितकी फट वाढते.

यावर उपाय घरी करता येतो. खिडकीची काच टेबलावर ठेवली, तिच्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यानं चिकटवला आणि कार्बोरेटरचं तोंड त्यावर हलक्या हातानं मराठी चारचा आकडा काढत फिरवलं. पट्टीवर सगळीकडे सारखी घासल्याची खूण दिसेपर्यंत. ओ-रिंग अर्थात आधी काढून ठेवायची आणि नंतर आतली पूड हवेनं पूर्ण उडवायची, नाहीतर तीच स्लो जेटमध्ये जाऊन बसायची. मग नवी ओ-रिंग. ती कार्बोरेटर किटमधलीच घ्या. मी आधी नळ दुरुस्तीच्या दुकानातून काळी रिंग आणली होती, मापात तंतोतंत. पण पाण्याच्या नळासाठीचं रबर पेट्रोलात फुगतं. बसवताना दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, आणि बसला म्हटल्यावर थांबायचं.

साबणाच्या पाण्याला आता कुठंच प्रतिसाद नव्हता. गाडी सुधारली, पण पूर्ण नाही. मिक्श्चर स्क्रूला ती अजून दाद देत नव्हती.

हरवलेली रिंग

या तक्रारीचं सर्वांत फसवं कारण हेच असावं. मिक्श्चर स्क्रूच्या टोकावर तीन वस्तू असतात: आधी स्प्रिंग, मग एक इवलासा पातळ वॉशर आणि सगळ्यात आत एक ओ-रिंग, डाळीच्या दाण्यापेक्षा लहान. स्क्रू काढला की स्प्रिंग त्याच्याबरोबर येते. वॉशर आणि रिंग बहुतेक वेळा आतच चिकटून राहतात. आपल्याला वाटतं स्क्रूला एवढंच असतं. मग त्या भोकात फवारा मारला की रिंग फुगते, किंवा हवा मारली की उडून जाते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बसवताना तिच्याविना स्क्रू बसतो, फिरतो, सगळं ठीक दिसतं. आणि स्क्रूच्या आट्यांमधून हवा गळत राहते.

माझी रिंग पंक्चरवाल्याकडे हवा मारताना उडाली असणार. तिथल्या ट्यूबांच्या ढिगात ती शोधायला गेलो नाही. किटमध्ये नवी होती. क्रम मात्र ध्यानात ठेवा: रिंग सर्वांत आत, तिच्यावर वॉशर, त्यावर स्प्रिंग. वॉशर विसरला तर स्प्रिंगचं टोक रिंग कातरतं.

आणखी एक. स्क्रू काढण्यापूर्वी तो अलगद आत फिरवत टेकेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. टेकला की थांबा. पुढं जोर लावला तर त्याचं निमुळतं टोक तुटून भोकात अडकतं, आणि मग नवा कार्बोरेटर.

वाटा साफ झाल्यात का हे नुसतं बघून कळत नाही. मी अशी खात्री करतो: स्लो जेट काढलेला असताना त्याच्या विहिरीत फवाऱ्याची नळी टेकवून मारायचं. नळाच्या धारेसारखी बारीक धार कार्बोरेटरच्या मुख्य बोगद्यात, इंजिनाच्या बाजूच्या त्या टाचणीएवढ्या भोकातून यायला हवी. मग एअर फिल्टरच्या बाजूच्या तोंडावर जी छोटी भोकं दिसतात त्यांतल्या हवेच्या वाटेत मारायचं. ते स्लो जेटच्या विहिरीत उतरायला हवं. दोन्हीकडून धार आली तर साफ. डोळ्यांना चष्मा लावा, धार नेमकी तोंडावर येते. अनुभवाचे बोल आहेत.

पिस्टन परत घालताना त्याच्या एका बाजूची उभी खाच जागेवर बसली पाहिजे आणि खालचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा. उलटा घातला तर रेसचा स्क्रू त्याला नीट उचलतच नाही.

पुन्हा चौथा दिवस

एवढं सगळं होऊन गाडी आयडलला अशी चालली की अण्णांनी पडवीतल्या खुर्चीवर बसून दहा मिनिटं तिच्याकडे नुसतं बघत राहावं. मी पुण्याला गेलो. बुधवारी फोन. "आरं, तिला परत तेच झालंय बघ."

शनिवारी मी कार्बोरेटर उघडला नाही. बाउलच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की बाउलमधलं पेट्रोल खालच्या नळीतून बाहेर येतं. ते पारदर्शक बाटलीत धरलं आणि बाटली कट्ट्यावर पाच मिनिटं ठेवली. तळाला तांबूस पूड बसली आणि पुडीच्या भोवती दोन-तीन थेंब वेगळेच लोळत होते. पाणी. हे काम चार महिन्यांपूर्वी, पहिला स्क्रू उघडण्याआधी करायला हवं होतं. दोन मिनिटं लागतात.

मग इतिहास जुळला. आदल्या वर्षी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा जून ते ऑक्टोबर गाडी पडवीत उभी होती. टाकीत दोन-अडीच लिटर पेट्रोल, बाकी रिकामी जागा आणि आमच्याकडचा पावसाळा. रिकाम्या भागात दमट हवा, रात्री पत्रा थंड, त्यावर पाणी धरणार, आणि तिथून गंज. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, पण मर्यादेपलीकडे पाणी झालं की दोघं मिळून तळाला जाऊन बसतात. तळ म्हणजे जिथून कॉक, टाकीखालचा पेट्रोलचा नळ, पेट्रोल घेतो.

त्यात अण्णांची सवय: "शंभरचं टाक रे." त्यांची गाडी वरचेवर रिझर्व्हवर. रिझर्व्हची वाट टाकीच्या अगदी तळातून पेट्रोल उचलते, म्हणजे सगळा गाळ आधी तीच उचलणार. विचारलं तेव्हा तेही म्हणाले, रिझर्व्हला लावलं की दुसऱ्या दिवशी बंद पडते. हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

कॉक टाकीतून सोडवला. त्यावर जी बारीक जाळी असते ती एका बाजूनं फाटून लोंबत होती.

टाकी साफ करायला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घेतलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. टाकी साधारण दहा लिटरची. पाऊण किलो पुरलं. आधी पेट्रोल पूर्ण काढून साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली, कॉकचं भोक रबर आणि पत्र्याच्या तुकड्यानं बंद केलं, कोमट पाण्यात सत्त्व विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पाणी चहासारखं. गंज जाड असेल तर आत मूठभर नट टाकून टाकी हलवतात. मी बारा टाकले, अकरा परत आले. बाराव्यासाठी अर्धा तास टाकी उलटी धरून नाचवली. मोजून टाका. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, आम्लाचा अंश राहू नये म्हणून, मग साध्या पाण्यानं, आणि लगेच उन्हात उघडी ठेवून वाळवायची. लगेच म्हणजे खरंच लगेच: उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर बघता बघता पुन्हा तांबूस होतो. वाळली की पाव लिटर पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून आतून खळबळवून ओतून टाकलं. आम्ल बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका. आमच्या टाकीच्या डाव्या बाजूला आता एक पांढुरका ओघळ आहे.

जाळी नवी, कॉकचे वॉशर नवे, आणि कॉक ते कार्बोरेटर नळीत एक छोटा फिल्टर. इथं एक ठेच लागली. पहिला फिल्टर कागदी, मोठा आणला. या गाडीला पेट्रोल पंप नाही, पेट्रोल नुसतं उतारावर वाहतं. कागदानं प्रवाह इतका आवळला की आयडल उत्तम आणि साठच्या वेगाला आचके. जाळीचा लहान फिल्टर घ्या, आणि बसवल्यावर नळीचं खालचं टोक बाटलीत धरून कॉक उघडा. सलग धार यायला हवी, थेंब थेंब नव्हे.

स्लो जेट शेवटचा एकदा काढून साफ केला.

आयडल लावणं

गाडी दहा मिनिटं फिरवून तापवा. थंड गाडीवर लावलेलं आयडल तापल्यावर बदलतं. मिक्श्चर स्क्रू टेकवून दीड ते दोन फेरे बाहेर घ्या, तिथून सुरुवात. रेसच्या स्क्रूनं गाडी जेमतेम चालू राहील इतकी ठेवा. आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज जिथं सर्वांत वर जातो ती जागा शोधा, मग रेसचा स्क्रू बाहेर घेऊन आवाज खाली आणा, आणि पुन्हा मिक्श्चर. दोन-तीन आवर्तनांत जागा सापडते. शेवटी रेस झटकन देऊन सोडा; आवाज लगेच खाली येऊन स्थिर झाला पाहिजे.

कुठल्या दिशेनं फिरवल्यावर पेट्रोल वाढतं, याचा गोंधळ बराच होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, बाहेर घेतला की पेट्रोलचं प्रमाण कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण मोजतो, बाहेर घेतला की पेट्रोल वाढतं. आपल्या गाडीचा कुठं आहे ते बघून घ्या आणि दुसऱ्याच्या गाडीचे फेरे आपल्या गाडीला लावू नका.

स्प्लेंडरला आरपीएमचा काटा नाही. दोन फेऱ्यांना एक स्फोट, त्यामुळे १४०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७०० स्फोट, सेकंदाला बारा-एक. मोजता येत नाहीत. कान लावायचा. पहिला गिअर टाकल्यावर खट्ट झालं तर जास्त आहे.

हे सगळं करून तुमची गाडी तरीही मरत असेल, तर दोन संशयित उरतात. एक, रेसची केबल. आयडलला हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवा. आवाज चढला तर केबल ओढली जातेय. कार्बोरेटर बसवताना ती टाकीखाली चुकीच्या बाजूनं गेली असेल. दोन, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट. गाडी थंड असताना ठीक, तापली की आयडलला मरते आणि तेव्हा किकही हलकी लागते, तर टॅपेट घट्ट झालेत. या गाडीला दोन्हीकडे ०.०५ मिलिमीटर फट, पूर्ण थंड इंजिनावर, चक्रावरची टी खूण जुळवून आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना मोजायची. टॅपेटचा दोष बरेचदा कार्बोरेटरवर जातो, कारण लोक साफसफाई आणि टॅपेट दोन्ही एकाच सर्व्हिसिंगला करून घेतात.

आमची आता दोन महिने व्यवस्थित आहे. दर पंधरा दिवसांनी बाउलचं पेट्रोल बाटलीत काढून बघतो. पहिल्या खेपेला चिमूटभर पूड होती, नंतर नाही. रेसच्या स्क्रूवर आणि शेजारच्या धातूवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ मारून ठेवलीय, कुणी फिरवला की रेघ तुटलेली दिसते.

गेल्या रविवारी तुटलेली होती. अण्णा म्हणाले, "जरा वाढीवलाय. सकाळची थंडी हाय, तिला बरं वाटतंय."